फायरमन पप्पांना घेऊन सात महिने जातेय, ४.५ स्टार

हे जिम नाही आणि फिजिओथेरपीचं क्लिनिकपण नाही हे आधीच सांगते, कारण मी स्वतः पहिल्या दिवशी रिसेप्शनवर "महिन्याची फी किती" असंच विचारलं होतं. इथे एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट बसतात. म्हणजे अंगमेहनत करताना शरीरात काय काय होतं, हृदय किती जोरात पळतं, श्वास किती लागतो, उन्हात आणि उकाड्यात काय बिघडतं हे मोजायचं आणि त्यावरून त्या माणसाचा व्यायाम ठरवायचा, हा त्यांचा विषय. नाशिकमध्ये असं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. पप्पांच्या कमरेसाठी ज्या फिजिओ ताईंकडे जात होतो त्यांनी इथे पाठवलं.

पप्पा फायरमन आहेत, आता लीडिंग फायरमन, वय ५०, नोकरीला २६ वर्षं झाली. कुठल्या दलात ते लिहीत नाही, रिव्ह्यू ह्या सेंटरचा आहे.

का गेलो ते सांगते. मागच्या मे महिन्यात एका प्लास्टिक भंगाराच्या गोडाऊनला आग लागली होती, पप्पा रात्री ८ ला गेले ते सकाळी ७ ला आले, आणि आले ते सरळ बिल्डिंगच्या जिन्यावर खालच्या पायरीवरच बसले. आई वरून बघतेय की बाईकचा आवाज तर आला मग माणूस का येत नाही. मी खाली गेले तर पायात बूट तसेच, तोंड राखेसारखं, आणि मला म्हणाले "तू जा वर, मी येतो जरा वेळाने". आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. तो एक मजला चढून यायला त्यांना वीस मिनिटं लागली. त्याच्या आधीच्या वर्षी त्यांच्या बॅचचे एक काका ड्युटीवरून घरी आले, जेवले, झोपले आणि उठलेच नाहीत, ५२ वर्षांचे होते. आई त्या सकाळी काही बोलली नाही पण दिवसभर ती पप्पांच्या खोलीच्या दारातून आत बघून जात होती.

तपासण्या सगळ्या झालेल्या होत्या हो. ईसीजी नॉर्मल, शुगर बॉर्डरवर, बीपीची एक गोळी. पण ह्या सगळ्या तपासण्या पलंगावर झोपवून केलेल्या. मध्ये चार महिने जिम पण झालं होतं, तिथल्या ट्रेनरने चेस्ट बायसेप्सचं वेळापत्रक आणि पावडरचा डबा दिला, खांदा दुखायला लागला, बंद केलं.

इथे पहिल्या दिवशी व्यायाम काहीच नाही, नुसते प्रश्न. सव्वा तास. पप्पा तिथल्या एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट मॅडमना डॉक्टर डॉक्टर करत होते तर त्यांनी लगेच सांगितलं, "काका मी डॉक्टर नाही, औषधाचं मी काही सांगणार नाही, पण तुमच्या कामाचं मला सगळं सांगा." मग शिफ्ट किती तासांची, रात्री किती वेळा बेल होते, झोपेतून उठून गाडीत बसेपर्यंत किती वेळ मिळतो, होज म्हणजे पाण्याचा पाइप कोण ओढतं, ब्रँच म्हणजे पाइपचं टोक कोण धरतं, बीए सेट म्हणजे श्वासाच्या हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन जास्तीत जास्त किती मजले चढलात, आग विझल्यावर आधी पाणी पिता की चहा. पप्पा घरी कामाबद्दल कधी बोलत नाहीत. मी बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि खरं सांगते, मला २४ वर्षांत त्यांच्या नोकरीतलं जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या सव्वा तासात कळलं. होजचं वजन किती असं मॅडमनी विचारलं, पप्पा म्हणाले "रिकामी की भरलेली?" मग दोघांनी तिथेच कागदावर हिशोब केला. ६३ एमएमची १५ मीटरची एक होज, पाण्याने भरली की आत नुसतं पाणीच ४६-४७ लिटर, म्हणजे तेवढे किलो, वरून प्रेशर, आणि अशा तीन-चार होज जोडून वळणावरून ओढायच्या. आणि आम्ही ट्रेडमिलवर पळणाऱ्या माणसांना फिट म्हणतो.

घरी जाताना होमवर्क दिला. स्टेशनवर काट्यावर किटचं वजन करून आणा. कोट, पॅन्ट, हेल्मेट, गमबूट, बीए सेट सगळं मिळून २३ किलोच्या आसपास भरलं. पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा ते वजन केलं.

मला सगळ्यात जास्त विश्वास कशामुळे बसला तर त्यांनी पहिल्या दिवशी पैसे घेतले नाहीत. वय ४५ च्या वर, बीपीची गोळी, म्हणजे आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून स्ट्रेस टेस्ट आणि लेखी परवानगी, मगच इकडे, असं स्पष्ट सांगितलं. गोळीचं नाव पण लिहून घेतलं कारण बीपीच्या काही गोळ्यांनी पल्स हवी तेवढी वाढत नाही, आणि मग पल्सवरून मेहनत मोजली तर आकडा फसवा येतो. डॉक्टरांनी ओके दिल्यावर इथली टेस्ट झाली. तोंडावर मास्क, छातीवर पट्टा, ट्रेडमिल, दर ३ मिनिटांनी स्पीड पण वाढतो आणि चढ पण. पप्पा ९ मिनिटं टिकले. मास्कवरून कळतं की शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, पप्पांचा आकडा आला ३३.५. म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ३३.५ मिली. अमेरिकेतल्या फायरवाल्यांच्या संघटना आगीत जाणाऱ्या माणसासाठी किमान ४२ धरतात, त्यालाच १२ मेट्स म्हणतात, म्हणजे निवांत बसल्यावर जेवढा ऑक्सिजन लागतो त्याच्या १२ पट वापरता आला पाहिजे. पप्पा साडेनऊ पटीवर होते.

मॅडमनी हे घाबरवून सांगितलं नाही आणि लपवलं पण नाही. त्यांनी एक अभ्यास समजावून सांगितला, २००७ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी केलेला, अमेरिकेत ड्युटीवर जे फायरमन वारले त्यातले जवळजवळ ४५ टक्के हृदयविकाराने गेले. भाजून, भिंत पडून जाणारे आपल्या डोळ्यासमोर येतात पण हृदयाने जाणारे जास्त. आणि ह्या हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के आग विझवताना झालेले, आग विझवण्यात मात्र त्यांचा वर्षभरातला १ ते ५ टक्केच वेळ जातो. म्हणजे बसून असलेल्या शरीराला एका मिनिटात टोकाला नेलं जातं. पप्पा ऐकून गप्प होते. मग हळूच म्हणाले "आमचा मित्र पण तसाच गेला". मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याबद्दल विचारलं, वेळ संपलेली होती तरी. माझ्यासाठी अर्धा स्टार तिथलाच आहे.

आता सिलिंडरची गोष्ट, ही मला प्रत्येक फायरमनच्या घरी जाऊन सांगावीशी वाटते.

बीए सेटचा सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बार दाबापर्यंत भरला की आत साधारण २००० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरून त्याचं पाऊण तासाचं रेटिंग असतं. पण २३ किलो अंगावर घेऊन जिना चढताना मिनिटाला ४० लिटर कोणाला पुरतात, सहज ७०-८० लागतात. आणि ५५ बारच्या आसपास शिट्टी वाजते, तिथून पुढची हवा बाहेर यायला राखीव. मॅडमनी पप्पांना वजनाचं जॅकेट घालून, मास्क लावून, ठरलेल्या ठेक्यावर स्टेप चढ-उतर करायला लावली आणि मोजलं, मिनिटाला ७१ लिटर. म्हणजे शिट्टी वाजेपर्यंत साडेतेवीस मिनिटं. दमछाक कमी झाली की त्याच कामाला हवा कमी लागते, कारण तेच काम तुमच्या ताकदीच्या टोकाला न होता मधे कुठेतरी होतं. सात महिन्यांनी तीच स्टेप, तोच ठेका, तेच जॅकेट, आकडा आला ५९. सव्वाअठ्ठावीस मिनिटं. जवळजवळ पावणेपाच मिनिटं वाढली, सिलिंडर तोच. पप्पा वजन कमी झालं त्याने एवढे खूश झाले नव्हते जेवढे ह्याने झाले. त्यांना पावणेपाच मिनिटं म्हणजे काय ते माहीत आहे, मला नाही. मी विचारलं तर म्हणाले "धुरात एक खोली हाताने चाचपून बघायला तेवढाच वेळ लागतो."

व्यायाम कसा असतो ते थोडं सांगते. आठवड्यातून दोनदा सेंटरवर आणि दोनदा बाहेर. सेंटरवर दोन हातात वाळूच्या पिशव्या घेऊन चालणं, दोराने वजनाची गाडी ओढणं, ८० किलोचा बाहुला मागे मागे सरकत ओढणं, वाकायचं कसं आणि उचलताना कंबर कशी वाचवायची. बाहेर म्हणजे आधी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर नुसतं चालणं, मग चालणं आणि पळणं आलटून पालटून, आणि तिसऱ्या महिन्यापासून रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या. पहिल्यांदा काही न घेता, मग ५ किलो, आता १५ किलोचं जॅकेट घालून. तिकडे अमेरिकेत फायरमन भरतीच्या एका परीक्षेत ७५ पौंड म्हणजे ३४ किलो अंगावर घेऊन ३ मिनिटं जिना मशीनवर चढावं लागतं, मिनिटाला ६० पायऱ्या, मग पुढचे सात प्रकार साधारण ११ किलो कमी करून, आणि सगळं मिळून १० मिनिटं २० सेकंदात. मॅडमनी त्याचं आपल्या फायरमनच्या कामाला जुळेल असं स्वतःचं एक रूप बनवलंय. ५० वर्षांच्या माणसाला लगेच तिथे नेत नाहीत.

किती जोर लावायचा हे ६ ते २० च्या एका स्केलवर विचारतात. ६ म्हणजे आरामखुर्ची, २० म्हणजे आता मेलो. पप्पांना सुरुवातीला काहीही विचारलं की "१२" म्हणायचे, घामाने भिजलेले असताना पण. मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की काका इथे शूर व्हायचं नाही, इथे खरं बोलायचं, कमी सांगितलंत तर मी जास्त लादेन. त्याच्यानंतर १६ म्हणायला शिकले. फायरमन लोकांना आयुष्यभर दमलो म्हणायची सवयच नसते.

ड्युटीचं वेळापत्रक ते दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर मागवतात आणि रात्रपाळीत दोन-तीन वर्दी म्हणजे आगीचे कॉल झाले असतील तर दुसऱ्या दिवशी जड काही देत नाहीत, फक्त चालणं आणि झोप. झोपेचा पण तक्ता आहे. महिनाभर मनगटावर पल्सचं घड्याळ दिलं होतं. त्यात एका रात्री २.४० ला पल्स ५८ होती आणि बेल झाल्यावर गाडीत बसेपर्यंत १२४. अजून आग दिसली पण नाही, नुसती बेल. तो आलेख बघून आईने पदर डोळ्याला लावला. मॅडम म्हणाल्या बेलला पल्स वाढणारच, शरीर तयारी करतं, पण ती परत खाली किती लवकर येते ते आपल्या हातात आहे. पूर्ण दमल्यावर थांबलं की पहिल्या एका मिनिटात पल्स किती उतरते ते मोजतात, १२ किंवा त्याच्या आतच उतरली तर काळजीचं लक्षण. पप्पांची आधी १४ उतरायची, आता २४.

उकाड्याचं पण शिकवलं. किट घालून सराव करायच्या आधी आणि नंतर वजन करायचं, पप्पांचं ४० मिनिटांत १.४ किलो कमी झालं, सगळा घाम. जेवढं वजन गेलं तेवढं आणि वर थोडं पाणी पुढच्या काही तासांत घोट घोट, सोबत मीठ-साखर-लिंबू. कामातून बाहेर आलं की कोट उघडायचा, सावलीत बसायचं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत. हातातून रक्त फिरतं ते गार होऊन परत आत जातं, इतकं साधं आहे. पप्पांनी ते त्यांच्या टीमला सांगितलं आणि आता त्यांच्या गाडीवर एक बादली ह्याच कामासाठी असते. एप्रिलमध्ये एकदम पहिल्याच दिवशी किट घालून सराव करायचा नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू वेळ वाढवायचा म्हणजे अंगाला उष्णतेची सवय होते, हे पण सांगितलं.

काजळीचं एक सांगायचं राहिलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने फायरमनचं कामच ज्यांच्यामुळे कॅन्सर होतो अशा गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. मॅडम म्हणाल्या हा माझा विषय नाही पण मला माहीत आहे तर सांगितलंच पाहिजे. तेव्हापासून पप्पा स्टेशनवरच अंघोळ करून येतात आणि आई त्यांचे आगीवरचे कपडे वेगळ्या बादलीत धुते.

आता ज्यासाठी अर्धा स्टार कापला ते.

फी जास्त आहे. सुरुवातीची टेस्ट आणि तीन महिने मिळून आम्हाला १८ हजार गेले, पुढचे चार महिने थोडे स्वस्त पडले. फायरमनच्या पगारात हे सहज बसत नाही, आमच्याकडे मी कमावतेय म्हणून जमलं. मी रिसेप्शनवर आणि मॅडमना दोघांनाही सांगितलंय की चार-पाच फायरमनची मिळून एक बॅच करा, फी वाटली जाईल. दिवाळीनंतर करू म्हणाले होते, अजून झालेली नाही.

रिपोर्ट इंग्लिशमध्ये येतो. आठ पानं. मॅडम तोंडी मराठीत छान समजावतात पण घरी आल्यावर पप्पांना स्वतःचा रिपोर्ट स्वतः वाचता येत नाही, मला वाचून दाखवावा लागतो. जो माणूस एवढा घाम गाळतोय त्याला त्याचा आकडा त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे. निदान पहिलं पान तरी मराठीत करा, मी करून द्यायला तयार आहे, फुकट.

आणि मॅडम एक आठवडा सुट्टीवर होत्या तेव्हा जे सर होते त्यांनी व्हॉट्सअॅपवरची ड्युटी न बघता पप्पांना रात्रपाळीनंतर सकाळी जड स्क्वॅट करायला लावले. कंबर तीन दिवस आखडली. फोन केल्यावर त्यांनी चूक मान्य केली, दोन सेशन भरून दिले, आणि तेव्हापासून फाईलवर लाल पेनाने शेवटच्या ड्युटीची तारीख लिहिलेली असते. चूक झाली त्यापेक्षा ती कशी निस्तरली ते मला आवडलं, पण त्या तीन दिवसांत पप्पा ड्युटीला तसेच गेले होते म्हणून लिहितेय.

आत्ताची परिस्थिती अशी आहे: वजन ८४ चं ७९, ऑक्सिजनचा आकडा ३३.५ चा ३८.५. ४२ झालेला नाही. मॅडमनी तेही तोंडावर सांगितलं, "काका अजून साडेतीन बाकी आहे, घाई करायची नाही पण सोडायचं पण नाही". पप्पांचं स्वतःचं टार्गेट सिंहस्थ आहे. २००३ ला होते, २०१५ ला होते, आणि २०२७ ला पण तपोवनात साधुग्रामच्या मंडपांपाशी ड्युटी लागणार हे त्यांनी गृहीत धरलंय. तंबू, चुली, सिलिंडर, लाखो माणसं, आणि गाडी आत जाणार नाही अशा गल्ल्या जिथे होज खांद्यावर घेऊन पळावं लागतं. तेव्हा ते ५१ चे असतील. २०१५ ला ते दमून आले की आम्हाला काही वाटायचं नाही, पप्पा दमतातच असं वाटायचं.

मागच्या दोन रविवारपासून त्यांच्या स्टेशनमधले दोघं तरुण फायरमन पण पांडवलेणीला यायला लागलेत. त्यातला एक २६ वर्षांचा आहे, जॅकेट घालून पप्पांच्या मागे राहिला. पप्पांनी वर पोचल्यावर त्याला पाणी दिलं, त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळ बघून एक मिनिट मोजलं.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी ७ चा स्लॉट मागा, ९ नंतर खाली गाडी लावायला जागा मिळत नाही. टेस्टच्या आधी दोन-तीन तास काही खाऊ नका, चहा पण नको. गोळ्यांची चिठ्ठी आणि जुना ईसीजी सोबत न्या. घरातलं एक माणूस बरोबर न्या. आणि फायरमन असाल तर फोन करतानाच तसं सांगा, मॅडम त्या दिवशी पुढचा अर्धा तास मोकळा ठेवतात.